‘इट्स माय ड्यूटी’ आणि उतरलेला चेहरा

वाचकाचे पत्र

मी मूळची मिरजेची. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर सांगलीत सात वर्षे नोकरी केली आणि गेल्या दीड वर्षापासून इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ओईटी (आरोग्य क्षेत्रातील इंग्रजीची परीक्षा) आणि ऑस्की (नर्सिंग कौशल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा) या दोन्ही मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले, तेव्हा कामापुरते इंग्रजी मला नक्कीच येते. माझी अडचण कौतुकाची आहे. एका वृद्ध बाईंची मुलगी त्यांना घरी नेताना मला म्हणाली, ‘यू हॅव बीन ॲब्सोल्यूटली ब्रिलियंट विथ मम.’ मी म्हणाले, ‘नो, नो, इट्स माय ड्यूटी ओन्ली.’ तिचा चेहरा एकदम उतरला. एका रात्रपाळीत एका रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली होती. सकाळी आमच्या सिस्टर (इथे वॉर्डच्या प्रमुख नर्सला सिस्टर म्हणतात) म्हणाल्या, ‘यू हँडल्ड दॅट रिअली वेल.’ मी म्हणाले, ‘नो, आय मेड सो मेनी मिस्टेक्स.’ त्यांनी मला लगेच खोलीत बसवून कोणत्या चुका झाल्या ते विचारायला सुरुवात केली, आणि चूक तर एकही झाली नव्हती! सुट्टीहून परतलेल्या सहकारी मैत्रिणीला मी प्रेमाने ‘यू हॅव बिकम सो हेल्दी’ म्हटले, तर ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. शेवटी मी निश्चय करून ‘थँक यू’ म्हणायची सवय लावली, तर फोनवर सासूबाईंनी कौतुक केले तेव्हा तेच तोंडातून गेले आणि त्या म्हणाल्या, ‘आता आम्हालाही थँक यू का?’ कौतुक ऐकून शेफारू नये असे आमच्या घरात शिकवलेले आहे. मी माझा स्वभाव बदलायचा का? आणि त्या बाईंच्या मुलीने नंतर वॉर्डात माझ्या नावाने एक कार्ड आणि चॉकलेटचा डबा ठेवला आहे, तिला आता काय कळवू?

– अवघडलेली, नॉटिंगहॅम

सदरलेखकाचे उत्तर

तुमच्या चार प्रसंगांपैकी सिस्टरांचा प्रसंग मी आधी घेतो, कारण त्यात इतर तिन्हींची किल्ली आहे. मराठीत ‘छे हो, कसलं काय, किती चुका झाल्या माझ्याकडून’ हे वाक्य आपण माहिती देण्यासाठी उच्चारत नाही. तो एका जोडीने खेळायच्या खेळातला आपला डाव असतो; पुढचा डाव समोरच्याचा असतो आणि त्याने ‘अगं, चुका कसल्या, तू होतीस म्हणून निभावलं’ असे म्हणून कौतुक दुसऱ्यांदा आणि अधिक ठसठशीतपणे करायचे असते. दोघांनाही खेळ ठाऊक असल्याने चुकांचा शोध कोणी घेत नाही. तुमच्या सिस्टरांना हा खेळ ठाऊक नव्हता. त्यांनी तुमचे वाक्य जसेच्या तसे घेतले, आणि रुग्णालयात ते तसेच घ्यावे लागते. 2014 पासून इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांवर, उपचारात काही चुकून रुग्णाला इजा झाली तर ती त्याला मोकळेपणाने सांगण्याचे कायदेशीर बंधन आहे. अशा ठिकाणी एखादी परिचारिका रात्रपाळीनंतर ‘माझ्याकडून बऱ्याच चुका झाल्या’ म्हणते तेव्हा तिला बसवून विचारणे हे सिस्टरांचे कामच ठरते. तुम्ही नम्रता म्हणून जे बोललात, त्याची तिथे कबुली झाली.

‘ड्यूटी’चेही तसेच झाले आहे, पण ते अधिक बारीक आहे. ‘ते तर माझं कर्तव्यच होतं’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘कर्तव्य’ हा शब्द वरच्या पायरीवरचा असतो. त्यात धर्म आहे, निष्ठा आहे, फळाची अपेक्षा न ठेवणे आहे. ‘ड्यूटी’ या शब्दाला इंग्रजीत असा भारदस्तपणा काही ठिकाणी जरूर आहे, पण आभार मानणाऱ्या माणसाला उत्तर म्हणून तो आला की त्याचा अर्थ ‘मला करावेच लागत होते’ असा होतो, आणि त्यामागे आपल्या सवयीचे ‘ओन्ली’ लागले की ‘तेवढेच, त्याहून काही नाही’ असा शिक्का बसतो. ती मुलगी तुम्हाला सांगत होती की तुमचे वागणे पाळीच्या वेळापत्रकात लिहिलेल्यापेक्षा अधिक होते. तुम्ही तिला सांगितलेत की नाही, ते वेळापत्रकातलेच होते. तिचा चेहरा उतरला तो तुमच्या नम्रतेमुळे नव्हे. आपल्या आईची कोणीतरी मनापासून काळजी घेतली हा दिलासा घेऊन ती घरी निघाली होती आणि तो तिच्या हातून परत काढून घेतला गेला, म्हणून.

येथे तुम्हाला दिलासा वाटावा अशी एक गोष्ट सांगतो. कौतुक झाल्यावर जीभ अडखळणे हा मराठी माणसाचा, मिरजेचा किंवा तुमच्या घरातील शिकवणुकीचा दोष नाही. अनिता पोमेरान्त्झ या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1978 साली या अडखळण्याचे कारण फार नेमके मांडले: कौतुक ऐकणाऱ्यावर एकाच वेळी दोन ओढी काम करत असतात. बोलणाऱ्याशी सहमत व्हावे ही एक आणि स्वतःची स्तुती टाळावी ही दुसरी. सहमत व्हावे तर आत्मस्तुती होते, आत्मस्तुती टाळावी तर समोरच्याला खोटे पाडावे लागते. जेफ्री लीच या ब्रिटिश भाषातज्ज्ञांनी 1983 साली सौजन्याचे जे नियम मांडले, त्यांतही नम्रता आणि सहमती हे दोन्ही नियम शेजारी शेजारी आहेत आणि कौतुकाच्या प्रसंगी ते एकमेकांच्या अंगावर येतात. प्रत्येक समाज या ओढाताणीत आपापला तोल शोधतो. रोंग चेन यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चीनमधील शीआन शहरातील जवळपास सर्वांनी कौतुक नाकारणारी उत्तरे दिली होती. त्याच शहरात पुढे तोच अभ्यास पुन्हा झाला आणि 2010 साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा निम्म्याहून अधिक उत्तरे स्वीकाराची होती. एका पिढीत एवढा बदल होतो, तेव्हा ही सवय रक्तात असते असे म्हणता येत नाही.

आणि इंग्रजी बोलणारे सगळे कौतुक मिळताच छाती पुढे काढून ‘थँक यू’ म्हणतात, हाही समज काढून टाका. रॉबर्ट हर्बर्ट यांनी न्यूयॉर्क राज्यातील एका विद्यापीठाच्या परिसरात हजाराहून अधिक उत्तरे टिपली, तेव्हा त्यांत निव्वळ आभाराची उत्तरे एक तृतीयांशही निघाली नाहीत. लोक विषय बदलत होते, श्रेय दुसऱ्याला देत होते, वस्तूचा इतिहास सांगत होते. तुमच्याच वॉर्डात कान देऊन ऐका. एखादीच्या नव्या ड्रेसचे कौतुक झाले की ती ‘थँक्स, प्राइमार्क!’ म्हणेल, म्हणजे स्वस्तातल्या दुकानातून घेतला हे लगेच जाहीर करेल, किंवा ‘थँक्स, इट्स गॉट पॉकेट्स’ म्हणून खिसे दाखवील. आपल्याकडची ‘अगं, सेलमध्ये घेतली’ ही साडी आणि तिकडचा तो ड्रेस सख्ख्या बहिणीच आहेत. फरक आहे तो एकाच ठिकाणी आणि तो लक्षात आला की तुमचे निम्मे काम झाले: इंग्रज बाई नम्र होते ती दुसऱ्या वाक्यात. पहिले वाक्य देणाऱ्याच्या मालकीचे असते. ‘थँक्स’ आधी येते, स्वतःला खाली आणणे मागाहून. आपण दुसरे वाक्य आधी बोलतो आणि पहिले बोलायचे राहूनच जाते.

स्वभाव बदलायचा का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर म्हणून ‘नाही’ असे आहे. वाक्यांचा क्रम बदला, एवढेच. कौतुक स्वीकारणे म्हणजे शेफारणे, असे जे आपण समजतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. समर्थांनी दासबोधातील मूर्खलक्षणांत ‘आपली आपण करी स्तुती’ असा माणूस घातला आहे. दुसऱ्याने केलेली स्तुती आदराने ऐकून घेणाऱ्याला त्यांनी त्या ओवीत मूर्ख म्हटलेले नाही. कौतुक करणारा माणूस आपली पारख तुमच्यापुढे ठेवत असतो. ‘छे, छे’ म्हटले की तुम्ही स्वतःला लहान करता असे तुम्हाला वाटते. प्रत्यक्षात त्याच्या पारखीला खोटे म्हणता.

आता प्रत्यक्ष वाक्यांकडे येऊ. रुग्णाच्या नातेवाइकांसाठी ‘थँक यू, दॅट्स रिअली काइंड. इट वॉज अ प्लेझर लुकिंग आफ्टर हर’ ही दोन वाक्ये पाठ करून ठेवा. पहिल्यात तुम्ही घेतले, दुसऱ्यात त्यांच्या आईचा मान राखला, आणि स्वतःबद्दल एक अक्षरही बोलला नाहीत. यापेक्षा नम्र उत्तर मराठीतही मिळणार नाही. सिस्टरांसाठी ‘थँक यू, आय अप्रिशिएट दॅट’ पुरेसे आहे, आणि सहकाऱ्यांनी मदत केली असेल तर ‘द होल टीम वॉज ग्रेट’ हे पुढे जोडा. श्रेय वाटून घेणे ही आपली आवड तिथेही आदराचीच ठरते, फक्त ती आभारानंतर आली पाहिजे. खरोखरच काही उणे राहिले असेल आणि सांगायचेच असेल, तर तेही सांगा, पण ठोस सांगा: ‘थँक यू. नेक्स्ट टाइम आय वुड कॉल द डॉक्टर अ बिट सूनर.’ हे वाक्य व्यावसायिक आत्मपरीक्षण म्हणून ऐकले जाते. ‘सो मेनी मिस्टेक्स’ हे संकट म्हणून ऐकले जाते.

काही उत्तरे आपल्याकडच्या इंग्रजीत रुळलेली असली तरी तिथे टाळावीत. ‘सेम टू यू’ हे शुभेच्छेला चालते, कौतुकाला चालत नाही. कोणी तुमच्या हस्ताक्षराचे कौतुक केले आणि तुम्ही ‘सेम टू यू’ म्हणालात तर ते माणूस गोंधळून स्वतःच्या हाताकडे पाहील. ‘यू आर वेलकम’ आणि ‘माय प्लेझर’ ही आभाराची उत्तरे आहेत, स्तुतीची नव्हेत, आणि ‘मेन्शन नॉट’ हे भारताबाहेर फारसे कोणाला कळत नाही. लगेच उलटे कौतुक परत करण्याची घाईही नको. तिने ‘आय लव्ह युअर हेअर’ म्हणताच तुम्ही ‘युअर हेअर इज ऑल्सो व्हेरी नाइस’ म्हटले की ते उसने फेडल्यासारखे वाटते. दोन दिवस जाऊ द्या आणि मग खरेच काही आवडले तर सांगा.

नॉटिंगहॅमबद्दल एक खास सूचना करतो. तिथले वृद्ध रुग्ण तुम्हाला ‘यू आर अ स्टार, मी डक’ म्हणतील. त्या भागात ‘डक’ हे बदक नसून लाडाचे संबोधन आहे, आपल्याकडे आजोबांनी नर्सला ‘बाळ’ म्हणावे तसे. तारा, देवदूत, आयुष्य वाचवणारी अशी सगळी विशेषणे तिथे चहाचा कप आणून दिल्यावरही मिळतात, आणि त्यांना गंभीरपणे नाकारणे म्हणजे विनोदाचे स्पष्टीकरण मागण्यासारखे आहे. हसून ‘ओ, थँक यू’ म्हटले की झाले.

कौतुक करण्याची बाजू वेगळी आहे आणि तिथे तुमच्या मैत्रिणीचा प्रसंग येतो. ‘तब्येत छान झाली आहे’ हे आपल्याकडे खरे कौतुक आहे, कारण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची टंचाई आहे. अंग भरणे म्हणजे घरी सुख असणे. इंग्रजीत त्याचे भाषांतर केले की ‘तू जाड झालीस’ एवढेच उरते. परंतु याचा धडा ‘मग वजन कमी झाल्याचे कौतुक करावे’ असा घेऊ नका, कारण वजन आजाराने, दुःखानेही कमी होते, आणि ही गोष्ट परिचारिकेला मी सांगायला नको. शरीराला हात न लावता कौतुक करावे हा तिथला साधा संकेत आहे: माणसाने जे निवडले किंवा जे मेहनतीने केले, त्याचे करावे. गळ्यातला स्कार्फ, नवे केस कापणे, बूट, तिने केलेला केक, तिने घाबरलेल्या रुग्णाला समजावण्याची पद्धत. सुट्टीहून आलेल्या मैत्रिणीला ‘यू लुक रिअली रेस्टेड’ म्हटले असते तर तुमचा नेमका तोच प्रेमळ अर्थ तिच्यापर्यंत पोहोचला असता.

यासाठी फार मोठा शब्दसंग्रह लागत नाही, हेही लक्षात घ्या. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन यांनी 1981 साली अमेरिकी इंग्रजीतील शेकडो कौतुकवाक्ये तपासली, तेव्हा त्यांतील सुमारे 85 टक्के वाक्ये अवघ्या तीन साच्यांत बसली: अमुक गोष्ट छान आहे किंवा दिसते, मला तुझी अमुक गोष्ट आवडली, आणि ही छान अमुक आहे. विशेषणेही ‘नाइस’, ‘गुड’, ‘ग्रेट’ यांसारखी मोजकीच. तुमच्या भागात त्यांत ‘लव्हली’ आणि ‘ब्रिलियंट’ मिळवा. म्हणजे ‘आय लव्ह युअर स्कार्फ’, ‘दॅट्स अ लव्हली कलर’, ‘दॅट केक वॉज ब्रिलियंट’ एवढ्या शिदोरीवर वर्षभर निभेल. आपल्याकडील साहित्यिक कौतुकाची, विशेषणांमागून विशेषणे लावण्याची हौस तिथे संशय निर्माण करते. आपल्या इंग्रजीतील दोन सवयी मात्र सोडा. ‘यू आर लुकिंग व्हेरी नाइस’ऐवजी ‘यू लुक नाइस’ म्हणा. आणि ‘टू गुड’ म्हणजे आपल्याला ‘फारच छान’ वाटते, पण इंग्रज कानांना ते ‘प्रमाणाबाहेर चांगले’ असे, म्हणजे जवळपास तक्रारीसारखे ऐकू येते. उमेदीच्या काळात मी एका परदेशी पाहुण्या प्राध्यापकांच्या व्याख्यानानंतर ‘सर, युअर लेक्चर वॉज टू गुड’ म्हणालो होतो. त्यांनी अतिशय सौजन्याने ‘टू गुड फॉर व्हॉट?’ असे विचारले आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.

शेपटीचे शब्दही सांभाळावेत. ‘यू लुक गुड फॉर युअर एज’ यात ‘फॉर युअर एज’ने कौतुक खाऊन टाकले आहे. ब्रिटिश माणसाचे स्वतःचे कौतुक मात्र अनेकदा आखडते असते. ‘नॉट बॅड’ हे त्याच्या तोंडी बऱ्यापैकी मोठे प्रशस्तिपत्र असू शकते, तर ‘क्वाइट गुड’ हे अमेरिकेत ‘खूप चांगले’ आणि ब्रिटनमध्ये बहुधा ‘ठीक, बरे’ या अर्थाने येते. सिस्टरांनी एखाद्या नोंदीला ‘क्वाइट गुड’ म्हटले तर ती पुन्हा एकदा वाचून पाहा.

वरच्यांचे कौतुक कसे करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे अडेल म्हणून सांगून ठेवतो. ‘गुड जॉब’ आणि ‘वेल डन’ हे शब्द निकाल देणारे आहेत आणि निकाल वरून खाली येतो. आपल्या ‘शाब्बास’चे तसेच आहे, मूळ फारसीतील ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’ असा तो आशीर्वाद, आणि आशीर्वाद धाकट्याने थोरल्याला देऊ नये हे आपल्याला सांगावे लागत नाही. डॉक्टरांना किंवा सिस्टरांना ‘वेल डन’ म्हणण्यापेक्षा त्यांच्या कृतीचा तुम्हाला काय उपयोग झाला ते सांगा: ‘द वे यू एक्स्प्लेन्ड इट टू द फॅमिली रिअली हेल्प्ड मी.’ यात खुशामतीचा वास येत नाही, कारण खुशामत नेहमी ढोबळ असते आणि हे वाक्य एका ठरावीक क्षणाकडे बोट दाखवते.

एक कौतुक तुम्हाला वरचेवर ऐकावे लागत असेल: ‘युअर इंग्लिश इज व्हेरी गुड.’ नर्सिंगचा सगळा अभ्यास इंग्रजीत करून आलेल्या बाईला ते टोचणे स्वाभाविक आहे. माझे मत असे आहे की ऐंशीच्या घरातील रुग्णाने म्हटले तर ते सद्भावनेनेच असते आणि ‘थँक यू, वी डिड ऑल आवर ट्रेनिंग इन इंग्लिश’ म्हणून माहितीत भर घालावी. ‘सो इज युअर्स’ हे खट्याळ उत्तर बरोबरीच्या सहकाऱ्यासाठी राखून ठेवा, तेही चांगली ओळख झाल्यावर. परंतु रुग्णाने किंवा कोणीही तुमच्या शरीराविषयी लघळ शेरा मारला तर तो कौतुकाच्या वेषात आला आहे म्हणून त्याचे आभार मानायचे नाहीत. ‘लेट्स गेट धिस ब्लड प्रेशर डन’ असे कोरडेपणाने म्हणून काम पूर्ण करा आणि पाळीच्या प्रमुखांना त्याच दिवशी सांगा; ऑक्टोबर 2024 पासून ब्रिटनमधील मालकांवर कर्मचाऱ्यांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून वाजवी पावले उचलण्याचे कायदेशीर बंधन आहे, तेव्हा तुम्ही सांगणे म्हणजे तक्रारखोरपणा नव्हे.

आणखी एक वाक्य तिथे चुकूनही कौतुक म्हणून उच्चारू नका: ‘आज वॉर्ड किती शांत आहे!’ ब्रिटिश रुग्णालयांत ‘क्वाएट’ हा शब्द पाळीवर असताना उच्चारणे अशुभ मानले जाते. उच्चारला की दहा रुग्ण एकदम येतात अशी मंडळींची श्रद्धा आहे. कोणी चांगले बोलले की लाकडाला हात लावून ‘टच वुड’ म्हणणारेही तेच लोक. आपण बाळाला तीट लावतो आणि मीठमोहऱ्या ओवाळतो ते ज्या भीतीपोटी, तीच ही भीती. आपण कौतुक नाकारतो त्यामागेही नम्रतेइतकीच ही दृष्टीची धास्ती असते असे मला अनेकदा वाटते. तेव्हा ‘थँक यू, टच वुड’ असे म्हणालात तर दोन्हीकडची सोय होईल.

सासूबाईंचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मराठी घरात कौतुक आणि त्याचे उत्तर दोन्ही आडवळणाने चालतात. आमटी छान झाली असे म्हणण्याऐवजी ‘अजून वाढ’ म्हटले जाते, लाडू आवडले तर ‘पाक किती तारी केलास?’ असे विचारले जाते, आणि हे सारे ज्याला कळते त्याला आभार शब्दांत लागत नाहीत. आभार मानणे म्हणजे हिशेब चुकता करणे, आणि हिशेब परक्यांशी चुकता करतात. माझ्या आईच्या लेखी तर कौतुक म्हणजे मागणीच असे. आमच्याकडे आलेल्या एका परदेशी पाहुणीने पितळी पानाच्या डब्याकडे पाहून ‘आय लव्ह दॅट’ म्हटले आणि आईने तो तिथल्या तिथे रिकामा करून, चिंचेने घासून, वर्तमानपत्रात बांधून तिच्या हातात ठेवला. पाहुणी संकोचाने लाल झाली, आई प्रसन्न झाली आणि वडिलांना पुढे महिनाभर पान पुडीतून काढून खावे लागले. तेव्हा सासूबाईंना ‘थँक यू’ नको. ‘तुमच्याकडूनच शिकले की’ म्हणा, किंवा ‘तुम्हाला आवडलं ना, मग झालं’ म्हणा. त्यांना तुमच्याकडे येण्याचा आग्रह करा. इथे तुमची जुनी सवयच बरोबर आहे आणि ती पुसायला मी सांगणार नाही. दोन भाषांत दोन रीती ठेवणे हा ढोंगीपणा नव्हे, आपण मिरजेतही डॉक्टरांशी आणि आत्याशी एकाच रीतीने बोलत नाही.

राहता राहिले कार्ड आणि चॉकलेट. त्या मुलीला तुम्ही स्वतंत्रपणे फोन किंवा संदेश करू नये. तिचा संपर्क तुमच्याकडे आला तो रुग्णाच्या कागदपत्रांतून आणि तो वैयक्तिक कारणासाठी वापरायचा नसतो. कार्ड आले यावरून एवढे दिसते की तुमच्या ‘ड्यूटी’पलीकडचे तिने पाहिले होते. ती किंवा तिची आई पुन्हा तपासणीला आली तर ‘थँक यू फॉर द लव्हली कार्ड, इट मेंट अ लॉट’ एवढे म्हणा. भेटवस्तूंबाबत तुमच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची आचारसंहिता अगदी किरकोळ भेटी सोडून बाकी नाकारायला सांगते. चॉकलेटचा डबा किरकोळातच मोडेल, तरी सिस्टरांना सांगून तो स्टाफरूमच्या टेबलावर उघडा ठेवा.

कार्ड मात्र टाकून देऊ नका. दर 3 वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तुम्हाला कामाविषयीचे 5 अभिप्राय दाखवावे लागतात, आणि ते रुग्णांचे, नातेवाइकांचे, सहकाऱ्यांचे, लेखी किंवा तोंडी कसेही असले तरी चालतात. म्हणजे त्या मुलीचे वाक्य आणि सिस्टरांचे वाक्य, जी दोन्ही तुम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवली होतीत, ती तुमच्या कागदपत्रांत लागणारच आहेत. आज रात्री वही काढा आणि तारीख, काय घडले, अभिप्राय कोणाकडून आणि कसा आला, त्यावरून तुम्ही पुढे काय कराल हे लिहून ठेवा. रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील मात्र त्यात येऊ देऊ नका. सिस्टरांचे वाक्य लिहिताना त्यापुढचे तुमचे उत्तर वगळले तरी चालेल.